बारा निकाल, चार आमदार : नवी मुंबईच्या विधानसभा निवडणुकांचा आढावा

१९९० ते २०२४ या काळात नवी मुंबईच्या मतदारांनी विधानसभेच्या आठ निवडणुका पाहिल्या. आधी बेलापूर हा एकच मतदारसंघ होता. २००९ पासून बेलापूर आणि ऐरोली असे दोन झाले. सगळे मिळून आमदारकीचे बारा निकाल लागले. या बारा निकालांतून विधानभवनात पोहोचलेली माणसं मात्र चारच आहेत. गणेश नाईक सहा वेळा, मंदा म्हात्रे तीन वेळा, संदीप नाईक दोन वेळा आणि सीताराम भोईर एकदा. पक्षांचा हिशेब मांडला तर शिवसेनेच्या वाट्याला तीन विजय, राष्ट्रवादी काँग्रेसच्या वाट्याला चार आणि भाजपच्या वाट्याला पाच येतात. गणेश नाईकांचे सहा विजय तर तीन पक्षांत समसमान वाटले गेले आहेत: १९९० आणि १९९५ शिवसेनेतून, २००४ आणि २००९ राष्ट्रवादीतून, २०१९ आणि २०२४ भाजपमधून.

हा हिशेब पाहिला की 'घराणेशाही' असा शेरा मारून विषय मिटवण्याचा मोह होतो. शेरा खोटा नाही, पण अपुरा आहे. देशाच्या कानाकोपऱ्यातून माणसं आलेलं, सेक्टर आणि नोड आखून वसवलेलं, शिकल्यासवरल्या नोकरदारांचं हे शहर दर पाच वर्षांनी आमदारकी गावठाणातल्याच माणसाच्या हाती का देतं? पक्ष बदलला तरी माणूस का टिकतो, आणि जेव्हा हरतो तेव्हा कशामुळे हरतो? माझं म्हणणं असं आहे की इथली प्रत्येक निवडणूक शेवटी जमिनीवर येऊन थांबते. ही जमीन ज्याच्या ताब्यात आहे ते सिडको महामंडळ कधीच कुणापुढे मत मागायला येत नाही. त्याच्याशी भांडायला, त्याच्याकडून काम काढून घ्यायला लोकांना आपला माणूस लागतो. बेलापूर आणि ऐरोलीचा इतिहास हा अशा माणसाच्या शोधाचा इतिहास आहे.

जमीन आधी, मतदार नंतर

चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी १९६५ मध्ये 'मार्ग' या नियतकालिकातून खाडीपलीकडच्या नव्या शहराची कल्पना मांडली. राज्य सरकारने ती उचलली आणि १७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली. ठाणे आणि तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यांतली ९५ गावं, ३४४ चौरस किलोमीटरचा प्रदेश या आराखड्यात आला. दिघ्यापासून दिवाळ्यापर्यंतच्या पट्ट्यात भाताची खाचरं होती, मिठागरं होती, खाडीतली मासेमारी होती. ठाणे-बेलापूर रस्त्यालगत साठच्या दशकापासूनच एमआयडीसीचे कारखाने उभे राहत होते. म्हणजे इथल्या आगरी-कोळी कुटुंबांची जमीन एकदा कारखान्यांसाठी गेली आणि पुन्हा शहरासाठी गेली.

१९७३ मध्ये वाशीचा खाडीपूल वाहतुकीला खुला झाला, तरी शहर हळूहळूच भरत गेलं. मानखुर्दहून वाशीपर्यंत लोकल यायला १९९२ उजाडावं लागलं. या मधल्या वीस वर्षांत इथला मतदार प्रामुख्याने गावातला होता किंवा कारखान्यातला, आणि अनेक घरांत एकच माणूस दोन्ही होता. त्याच्या दोन मागण्या होत्या: गेलेल्या जमिनीचा योग्य मोबदला आणि त्या जमिनीवर उभ्या राहिलेल्या कंपनीत मुलाला नोकरी.

या मागण्यांना आवाज दिला तो शेतकरी कामगार पक्षाच्या दि. बा. पाटील यांनी. त्यांचा राजकीय पाया पनवेल-उरणचा, बेलापूरचा नव्हे. पण १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी जासई आणि न्हावा-शेवा परिसरात पोलिसांच्या गोळीबारात पाच आंदोलक हुतात्मा झाले आणि त्या रक्ताने सगळ्या ९५ गावांचं नशीब एकत्र बांधलं गेलं. संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के इतका विकसित भूखंड प्रकल्पग्रस्तांना परत देण्याचं धोरण या लढ्यातून आलं. सरकारने घेतलेली जमीन विकसित करून मूळ मालकाला तिचा वाटा परत द्यायचा, हे तत्त्व इथे गोळ्या झेलून मिळवलेलं आहे. इथल्या राजकारणाचं व्याकरण त्या दोन दिवसांत ठरलं. पुढे जो कुणी मत मागायला आला त्याला साडेबारा टक्क्यांवर बोलावंच लागलं.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवण्यासारखी. लढा शेकापचा, हुतात्मे त्या लढ्याचे, तरी ठाणे जिल्ह्याच्या बाजूला त्याचं राजकीय पीक दुसऱ्यानेच काढलं.

शिवसेनेची नऊ वर्षं

१९९० मध्ये शिवसेना-भाजप युती प्रथमच एकत्र विधानसभेला सामोरी गेली आणि शिवसेनेचे ५२ आमदार निवडून आले. बेलापूरचे गणेश नाईक त्यांपैकी एक. कोपरखैरणेजवळच्या बोनकोडे गावचा हा आगरी तरुण ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कामगार संघटनेतून वर आला होता. शिवसेनेचं मुंबई-ठाण्यातलं राजकारण मराठी नोकरदाराच्या हक्काभोवती उभं होतं. बेलापुरात त्याला भूमिपुत्राच्या हक्काची जोड मिळाली, आणि इथे 'भूमिपुत्र' याचा अर्थ अगदी शब्दशः होता: ज्याच्या सातबाऱ्यावर शहर उभं राहिलं तो.

१९९५ हे वर्ष निर्णायक ठरलं. युतीची सत्ता आली, नाईक दुसऱ्यांदा निवडून आले आणि मनोहर जोशी मंत्रिमंडळात वन आणि पर्यावरण खात्याचे मंत्री झाले. त्याच वर्षी नवी मुंबई महापालिकेची पहिली निवडणूक झाली आणि त्यांचे पुत्र संजीव नाईक ऐन विशीत पहिले महापौर झाले. महापालिका १९९२ च्या जानेवारीपासून अस्तित्वात होती, पण लोकनियुक्त सभागृह आता आलं. पाणी, गटारं, दिवाबत्ती, शाळा ही कामं टप्प्याटप्प्याने सिडकोकडून महापालिकेकडे आली. जमीन मात्र सिडकोकडेच राहिली. निवडून दिलेल्यांच्या हाती सेवा आणि न निवडलेल्यांच्या हाती जमीन, ही विभागणी तेव्हापासून आजतागायत चालू आहे.

१९९९ : चिन्ह जिंकलं, माणूस हरला

१९९९ मध्ये गणेश नाईक शिवसेनेतून बाहेर पडले आणि नुकत्याच जूनमध्ये जन्मलेल्या राष्ट्रवादी काँग्रेसच्या तिकिटावर उभे राहिले. शिवसेनेने सीताराम भोईर यांना उमेदवारी दिली आणि भोईर जिंकले. नाईकांच्या कारकिर्दीतला हा पहिला पराभव, आणि या आढाव्यातला पहिला मोठा पुरावा.

त्याचा अर्थ दोन बाजूंनी घ्यावा लागतो. एक, माणूस पक्षापेक्षा नेहमीच मोठा असतो ही समजूत चुकीची आहे. त्या वेळचं बेलापूर आजच्यापेक्षा कितीतरी पसरलेलं होतं. नवी मुंबईबाहेरचाही मोठा भाग त्यात येत होता. बोनकोड्याच्या नाईकांची ओळख जिथे पातळ होती तिथे धनुष्यबाणाचं वजन पडलं. दोन, शिवसेनेनेही नाईकांच्या विरोधात भूमिपुत्रच उभा केला. गावठाणाची मतं एकाच पारड्यात पडणार नाहीत याची ती तजवीज होती. पुढे हा डाव अनेकांनी अनेकदा खेळला.

पराभवानंतरही महापालिकेवरची नाईकांची पकड सुटली नाही. नगरसेवक टिकले म्हणून नेता टिकला. २००४ मध्ये ते राष्ट्रवादीकडून पुन्हा आमदार झाले, आघाडी सरकारात मंत्री झाले, ठाणे जिल्ह्याचे पालकमंत्री झाले. याच काळात महापालिकेने मोरबे धरण आपल्या मालकीचं करून घेतलं. शेजारच्या शहरांत उन्हाळ्यात टँकर फिरत असताना इथल्या नळाला पाणी राहिलं, आणि मालमत्ता कर वाढू देणार नाही हे वचनही वर्षानुवर्षं पाळलं गेलं. सोसायटीत राहणाऱ्या, गावठाणाशी काहीही नातं नसलेल्या मतदाराला नाईकांना मत देण्याचं कारण या दोन गोष्टींनी पुरवलं. त्यांच्या विरोधकांनाही हे श्रेय नाकारता आलेलं नाही.

फेररचना : एका बेलापूरचे तुकडे

२००१ च्या जनगणनेच्या आधारे झालेली फेररचना २००८ मध्ये लागू झाली. तेव्हाच्या अखंड ठाणे जिल्ह्यातल्या जागा १३ वरून २४ वर गेल्या. शहरीकरणाने फुगलेल्या मतदारसंघांची ही विभागणी फार वर्षं रखडलेली होती. नवी मुंबईच्या वाट्याला दोन मतदारसंघ आले: क्रमांक १५० ऐरोली आणि क्रमांक १५१ बेलापूर. दिघा, ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे हा उत्तरेचा पट्टा ऐरोलीत गेला. वाशी, सानपाडा, नेरूळ, सीवूड्स, सीबीडी हा दक्षिणेचा भाग बेलापुरात राहिला.

नकाशावरची ही रेघ दिसते तितकी निरुपद्रवी नाही. ऐरोलीत एमआयडीसीला लागून वाढलेल्या झोपडपट्ट्या आहेत, माथाडींची वस्ती आहे आणि दाट गावठाणं आहेत. बेलापुरात पाम बीचच्या कडेचे उंच मनोरे, वाशी-नेरूळची जुनी सिडको वसाहत आणि सरकारी-खासगी कार्यालयांत काम करणारा बहुभाषिक मध्यमवर्ग जास्त आहे. म्हणजे संघटनेच्या बळावर जिंकता येणारा एक मतदारसंघ आणि लाटेवर हलणारा एक मतदारसंघ, अशी शहराची वाटणी झाली. २००९ नंतरचे सगळे निकाल या वाटणीने समजतात.

२००९ मध्ये फरक जाणवला नाही, कारण नाईक कुटुंब तेव्हा शिखरावर होतं. मे महिन्यात संजीव नाईक शिवसेनेच्या विजय चौगुले यांना हरवून ठाण्याचे खासदार झाले. वर्षअखेरीस बेलापुरातून गणेश नाईक आणि ऐरोलीतून त्यांचे पुत्र संदीप नाईक आमदार झाले. पुढच्या वर्षी पुतणे सागर नाईक महापौर झाले. एकाच घरात खासदार, मंत्री, आमदार आणि महापौर! इतकी सत्ता एका उंबरठ्याआड गेली की शहरात दुसरं नेतृत्व वाढायला जागा उरत नाही. मला हा या इतिहासातला सर्वांत मोठा तोटा वाटतो. चांगल्या कामाचं श्रेय जसं द्यायचं तसं हेही मोजायला हवं.

२००९ च्या बेलापूरमध्ये भाजपचे उमेदवार होते बांधकाम व्यावसायिक सुरेश हावरे. शहराच्या नव्या मध्यमवर्गाला साजेसा चेहरा, पण गावठाणात मुळं नसलेला. ते हरले. भाजपने यातून काय धडा घेतला ते पाच वर्षांनी दिसलं.

२०१४ : चार हजार मतांत तिघे

२५ सप्टेंबर २०१४ रोजी एकाच दिवशी युतीही तुटली आणि आघाडीही. चौरंगी लढत ठरली. भाजपने बेलापुरात राष्ट्रवादीतून आलेल्या, विधान परिषदेवर काम केलेल्या मंदा म्हात्रे यांना उभं केलं. त्या याच मातीतल्या. शिवसेनेने महापालिकेचे माजी आयुक्त विजय नाहटा यांना तिकीट दिलं. समोर पालकमंत्री गणेश नाईक होते.

निकाल आकड्यांसह पाहण्यासारखा आहे. म्हात्रे ५५,३१६, नाईक ५३,८२५, नाहटा ५०,९८३. पहिल्या आणि दुसऱ्यात १,४९१ मतांचं अंतर, पहिल्या आणि तिसऱ्यात ४,३३३ मतांचं. त्याच दिवशी ऐरोलीत संदीप नाईकांनी ७६,४४४ मतं घेऊन विजय चौगुले यांना ८,७२५ मतांनी हरवलं. वडील हरले, मुलगा जिंकला, मध्ये फक्त मतदारसंघाची रेघ होती. मोदी लाटेत बेलापूरचा सोसायटीवाला मतदार कमळाकडे वळला. ऐरोलीची गावठाणं, माथाडी वस्ती आणि झोपडपट्ट्या नगरसेवकांच्या साखळीने बांधून ठेवल्या.

पण लाटेचं श्रेय अर्धंच आहे. लाट २००९ मध्ये नव्हती हे खरं, तरी २०१४ मध्ये भाजपने हावरेंसारखाच उमेदवार पुन्हा दिला असता तर गावठाणातली मतं फुटली असती का? मला तसं वाटत नाही. लाटेने सोसायट्यांतली मतं आणली आणि म्हात्रे यांच्या मुळांनी गावातली. दोन्ही मिळून १,४९१ चा फरक झाला. नाहटांना प्रशासनाची जाण होती, पक्षाची यंत्रणा होती, तरी ते तिसरेच राहिले.

महापालिकेत मात्र लाट पोहोचली नाही. २०१५ च्या एप्रिलमध्ये १११ प्रभागांपैकी राष्ट्रवादीला ५२, शिवसेनेला ३८, काँग्रेसला १०, भाजपला ६ आणि अपक्षांना ५ जागा मिळाल्या. भाजपचा आमदार असलेल्या शहरात भाजपचे नगरसेवक सहाच! आमदारकीला चिन्ह पाहणारा मतदार प्रभागात माणूस पाहत होता. ऑक्टोबर २०१६ मध्ये आयुक्त तुकाराम मुंढे यांच्याविरुद्धचा अविश्वास ठराव १०४ विरुद्ध ६ मतांनी मंजूर झाला तेव्हा ते सहाच विरोधात होते. सभागृहाबाहेर सोसायट्यांतले अनेक रहिवासी मुंढे यांच्या बाजूने उभे राहिले. नगरसेवक आणि नागरिक यांच्यातली ही दरी पुढच्या निवडणुकांचं भाकीतच होती.

२०१९ आणि २०२४ : एकाच मतदाराचे दोन निकाल

२०१९ च्या लोकसभेनंतर नाईक कुटुंबाने दिशा बदलली. जुलैत संदीप नाईक आणि सप्टेंबरमध्ये नगरसेवकांचा मोठा ताफा घेऊन गणेश नाईक भाजपमध्ये गेले. बेलापूरच्या उमेदवारीवर म्हात्रे ठाम राहिल्या. पक्षाने विद्यमान आमदाराला तिकीट दिलं आणि संदीप नाईकांनी वडिलांसाठी ऐरोली सोडली. गणेश नाईक १,१४,६४५ मतं घेऊन राष्ट्रवादीच्या गणेश शिंदे यांच्यापेक्षा ७८,४९१ मतांनी पुढे राहिले. म्हात्रे यांना ८७,८५८ मतं मिळाली, राष्ट्रवादीच्या अशोक गावडे यांना ४४,२६१.

या मोठ्या फरकांमागे एक चिंतेची बाब दडलेली होती. दोन्ही मतदारसंघांत निम्म्याहून अधिक मतदार घरीच राहिले. सगळे ओळखीचे चेहरे एकाच पक्षात गेले की मतदाराला निवडायला उरतं काय? स्पर्धा संपली की मतदानही आटतं.

स्पर्धा परत आली ती २०२४ मध्ये, आणि तीही नाईकांच्याच घरातून. भाजपने बेलापूर पुन्हा म्हात्रे यांना दिलं. पक्षाचे शहराध्यक्ष राहिलेले संदीप नाईक ऑक्टोबरमध्ये शरद पवारांच्या राष्ट्रवादीत गेले आणि बेलापुरातून उभे राहिले. वडील ऐरोलीत भाजपचे उमेदवार, मुलगा शेजारच्या बेलापुरात भाजपच्या विरोधात. महायुतीतून बंडखोरी करून विजय नाहटाही अपक्ष उतरले, आणि मनसेचे गजानन काळे होतेच.

२३ नोव्हेंबरला आकडे आले. म्हात्रे ९१,८५२, संदीप नाईक ९१,४७५. फरक ३७७. 'नोटा'ला पडलेली मतंही यापेक्षा कितीतरी अधिक होती. पलीकडे ऐरोलीत गणेश नाईक नव्वद हजारांहून जास्त मताधिक्याने जिंकले. तिथे बंडखोर अपक्ष विजय चौगुले दुसरे आले.

हे आकडे २०१९ शेजारी ठेवले की एक गोष्ट डोळ्यांत भरते. म्हात्रे यांची मतं पाच वर्षांत कमी झाली नाहीत. उलट सुमारे चार हजारांनी वाढली. तरी मताधिक्य ४३,५९७ वरून ३७७ वर आलं. याचा अर्थ त्यांच्यापासून मतदार मोठ्या संख्येने दुरावला असं म्हणता येत नाही. जे आधी घरी राहत होते किंवा विखुरलेले होते, ते एका ओळखीच्या, मुळं असलेल्या उमेदवारामागे उभे राहिले. २०१९ मध्येही विरोधात राष्ट्रवादीचाच उमेदवार होता; तो ४४ हजारांच्या आसपासच थांबला होता. माणूस बदलला आणि मतं दुपटीहून वाढली. राज्यभर महायुतीची त्सुनामी असताना हे घडलं, म्हणून त्याचं वजन जास्त आहे.

तीन निवडणुका, तीन मताधिक्यं: १,४९१, ४३,५९७ आणि ३७७. बेलापूर कुणाचाही बालेकिल्ला नाही. समोर तुल्यबळ माणूस असेल तर इथे निकाल एखाद्या मोठ्या सोसायटीच्या मतांवर फिरतो.

मत देतो कोण, आणि कशासाठी

नवी मुंबईच्या मतदाराचे ढोबळमानाने चार गट पडतात, आणि प्रत्येकाची जमिनीशी वेगळी तक्रार आहे.

पहिला गावठाणातला. करावे, सारसोळे, शिरवणे, जुहूगाव, कोपरी, घणसोली, गोठिवली, तळवली, दिवाळे. आराखड्यात गावठाणांची हद्द जिथे होती तिथेच राहिली. कुटुंबं मात्र वाढली. बापाच्या घराशेजारी मुलाने चार भिंती उभारल्या, त्यावर नातवाने मजला चढवला. 'गरजेपोटी बांधलेली घरं' हा शब्दप्रयोग इथूनच आला. ती नियमित करण्याचे सरकारी निर्णय निवडणुकांच्या आगेमागे निघत राहिले आणि अटींत अडकत राहिले. याच गटाने २०२१ मध्ये नवी मुंबई विमानतळाच्या नावासाठी मानवी साखळी उभी केली, सिडकोला घेराव घातला; अखेर दि. बा. पाटील यांचं नाव सर्व पक्षांना मान्य करावं लागलं. ऑक्टोबर २०२५ मध्ये विमानतळाचं उद्घाटन झालं तेव्हा तो लढा कुण्या एका पक्षाचा उरलाच नव्हता.

दुसरा माथाडी. मुंबईतले घाऊक बाजार टप्प्याटप्प्याने वाशी-तुर्भ्याच्या एपीएमसीत आले आणि अण्णासाहेब पाटलांनी संघटित केलेला सातारा, सांगली, पुण्याकडचा कष्टकरी कोपरखैरणे-घणसोलीत वसला. सिडकोने त्याला बैठी छोटी घरं दिली. आज त्याच गल्ल्यांत एका घराच्या जागी तीन-तीन मजले दिसतात. खाली भाडेकरू, वर मालक, जिना इतका अरुंद की कपाट चढवायचं तर दोर लावून गॅलरीतून घ्यावं लागतं. वाढीव बांधकामाची नोटीस आली की हा माणूस नगरसेवकाकडे धावतो. त्याचं गावाकडचं राजकारण वेगळं असलं तरी इथलं मत त्या नोटिशीशी बांधलेलं असतं.

तिसरा सोसायटीतला. त्याने घर विकत घेतलं आहे, पण खालची जमीन भाडेपट्ट्याची. घर विकायचं तर सिडकोची ना-हरकत आणि हस्तांतरण शुल्क. वाशीच्या सेक्टर ९ आणि १० मधल्या जेएन-१, जेएन-२ पद्धतीच्या इमारतींतल्या रहिवाशांनी तर छताचा गिलावा कोसळताना पाहिला, टेकू लावून संसार केला, आणि पुनर्बांधणीसाठी वाढीव चटईक्षेत्राची वाट पाहत केस पांढरे केले. अडीच चटईक्षेत्राची अधिसूचना २०१५ मध्ये निघाली. त्यापुढेही परवानग्यांचं जंगल होतंच.

चौथा दिघा ते तुर्भे पट्ट्यातल्या झोपडपट्टीतला. त्याच्या पायाखालची जमीन एमआयडीसीची. दिघ्यातल्या बेकायदा इमारतींवर उच्च न्यायालयाच्या आदेशाने हातोडा पडू लागला तेव्हा घामाचा पैसा घालून घर घेतलेली कुटुंबं रस्त्यावर आली.

चार गट, चार भाषा, चार प्रकारची घरं. दुखणं मात्र एकच. राहत्या जागेवर पक्का हक्क नाही, आणि तो देणारी यंत्रणा मतदाराला बांधील नाही. म्हणून जनता दरबाराला इथे इतकं महत्त्व आलं. अर्ज घेऊन रांगेत उभं राहायचं, नेत्याने तिथल्या तिथे अधिकाऱ्याला फोन लावायचा. आमदार हा कायदे करणारा प्रतिनिधी न राहता दाद मागण्याचं ठिकाण बनतो. असं ठिकाण जितकं जुनं तितका त्यावर भरवसा. त्यामुळे पक्ष बदलल्याची शिक्षा मतदार सहसा देत नाही. दार बंद झालं तर देतो.

दिल्लीशेजारच्या नोएडाशी तुलना केली तर आपल्याकडचं वेगळेपण कळतं. तेही प्राधिकरणाने शेतजमीन घेऊन वसवलेलं शहर, पण तिथे आजही लोकनियुक्त महापालिका नाही; प्राधिकरणच सगळं चालवतं. आपल्याला तीस वर्षांपूर्वी सभागृह मिळालं, नगरसेवक मिळाले. १९८४ च्या लढ्यामुळे भूमिपुत्र राजकारणातून बाहेर फेकला गेला नाही. तो शहराचा कारभारी झाला. ही कमाई मोठी आहे. जमिनीवरचा कारभार मात्र त्या सभागृहाच्या कक्षेबाहेर राहिला, ही अपूर्णता तितकीच मोठी आहे.

लोकसभा आणि महापालिका : दोन टोकं

ठाणे लोकसभा मतदारसंघात सहा विधानसभा मतदारसंघ, त्यांपैकी नवी मुंबईचे दोन. २००९ चा संजीव नाईकांचा विजय सोडला तर २०१४ आणि २०१९ मध्ये ठाण्याचे राजन विचारे, २०२४ मध्ये ठाण्याचेच नरेश म्हस्के. २०२४ मध्ये संजीव नाईकांना भाजपकडून लढायचं होतं. जागा एकनाथ शिंदे यांच्या शिवसेनेला गेली. खासदारकीत ठाणे शहराचं वजन नवी मुंबईला पुरून उरतं, आणि नाईक-शिंदे यांच्यातल्या चढाओढीचं एक मूळ इथेच आहे.

महापालिकेत २०२० च्या मे महिन्यात मुदत संपली आणि प्रशासकाचा कारभार सुरू झाला तो पाच वर्षांहून अधिक चालला. एवढ्या काळात शहराला एकही नगरसेवक नव्हता. १५ जानेवारी २०२६ रोजी अखेर मतदान झालं. राज्यात मित्र असलेले भाजप आणि शिंदे यांची शिवसेना इथे समोरासमोर लढले, भाजपने स्वबळावर बहुमत मिळवलं आणि शिवसेना दुसऱ्या क्रमांकावर राहिली. २०१५ मध्ये सहा नगरसेवक असलेला पक्ष अकरा वर्षांत इथे पोहोचला. त्यात लाटेचा वाटा किती आणि नाईकांसोबत आलेल्या जुन्या साखळीचा किती, याचं उत्तर या आढाव्यातल्या प्रत्येक निकालाने थोडंथोडं दिलेलं आहे.

पुढच्या निवडणुकीत काय मागायचं

२००१ मध्ये नवी मुंबई महापालिकेची लोकसंख्या सुमारे सात लाख होती. त्यावर दोन मतदारसंघ आखले गेले. २०११ मध्येच ती ११ लाख २० हजारांवर गेली. २०२७ च्या जनगणनेनंतर फेररचना होईल तेव्हा इथल्या रेघा पुन्हा बदलतील. जागा वाढल्या तर चारच माणसांचा हा इतिहास मोडण्याची संधी आहे. पण केवळ जागा वाढल्याने तो मोडणार नाही.

तो मोडेल मागणी बदलल्याने. भाडेपट्ट्याची जमीन रहिवाशांच्या पूर्ण मालकीची कधी आणि किती शुल्कात होणार? गावठाणांच्या विस्तारित हद्दी नकाशावर कायमच्या कधी उमटणार? शहरातले उरलेले भूखंड विकण्याआधी सिडकोने महापालिकेच्या सभागृहाची संमती घ्यावी, यासाठी कोणता उमेदवार विधानसभेत कायदादुरुस्ती मांडणार? हे प्रश्न वाशीतल्या गृहस्थाने आणि करावे गावातल्या आजीने एकाच सभेत, एकाच उमेदवाराला विचारले पाहिजेत. आजवर ते वेगवेगळ्या दरबारांत, वेगवेगळे अर्ज घेऊन उभे राहिले, म्हणून दोघांनाही तात्पुरती कामं मिळाली आणि धोरण मिळालं नाही. ३७७ मतांनी आमदार ठरतो अशा शहरात एकत्र आलेल्या दहा सोसायट्या आणि दोन गावठाणं कुठल्याही पक्षाला लेखी वचन द्यायला भाग पाडू शकतात. पस्तीस वर्षांचे निकाल मतदाराची ताकद दाखवतात. ती ताकद आता अर्जावरून कायद्यावर वळवायची वेळ आली आहे.